दुधाच्या रांगेतले चिटणीस

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून फिनेलच्या बाटल्या लुटणारी कॉलनी साऱ्या मुंबईत एकच असेल, आणि ती आमची. बायकांनी आधी नाकं मुरडली. पण फिनेल म्युनिसिपालिटीनं फुकट दिलेलं होतं आणि ते वाटायची जबाबदारी चिटणिसांनी अंगावर घेतली होती. चिटणीस स्वतः ब्रह्मचारी. हळदीकुंकवाच्या खोलीत पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, म्हणून ते दाराबाहेर पाठ करून उभे होते आणि पत्र्याच्या कर्ण्यातून आत सांगत होते, "भगिनींनो, एका बादलीला एक झाकण. तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि मोरी धुवा!"

त्यांचं नाव मी सांगत नाही. कॉलनीत ते कुणी घेतही नसे. रहिवासी मंडळ स्थापन झालं तेव्हा चिटणीसपद घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी ते घेतलं आणि तेव्हापासून त्यांचं नाव, आडनाव, हुद्दा, सगळं एकच झालं. दुधवालासुद्धा 'चिटणीसशेठ' म्हणे. मी त्यांचा जोडचिटणीस, म्हणजे इतिवृत्त लिहायचं आणि सतरंज्या झटकायच्या. शिवाय माझी खोली त्यांच्या खोलीला लागून. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी उदबत्तीची काडी ओढलेली मला ऐकू यायची. त्यामुळे ज्या गोष्टी ते कुणाला सांगत नसत, त्यांतल्या बऱ्याच मला न सांगताच कळत.

आमची कॉलनी अंधेरीला पूर्वेकडे, मरोळच्या रस्त्यावर. पुढं भातशेती, मागं म्हशींचे तबेले आणि मध्ये आम्ही: फोर्टातल्या कचेऱ्यांतले कारकून, दोन मास्तर, एक वकिलाचा हेडक्लार्क आणि मागच्या चाळीत गिरणीतली कोकणी कुटुंबं. उपनगरं मुंबईत सामील झाली तेव्हा आम्हां सगळ्यांना वाटलं, झालं, आता आपण मुंबईकर! चिटणिसांना तसं काही वाटलं नाही. ते दुसऱ्याच दिवशी छत्री घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. "कर मुंबईचा आणि गटार मरोळचं, हे कसं?" एवढा एकच प्रश्न ते विचारत. साहेब जेवायला गेला की हे बाकावरच डबा उघडत, साहेब आला की पुन्हा प्रश्न. शेवटी गटार झालं. गटाराचं उद्घाटनही झालं, नारळ फोडून. त्या नारळाचं खोबरं मात्र कुणी खाल्लं नाही.

धोतर, बंद गळ्याचा कोट आणि पायांत कॅनव्हासचे बूट असा त्यांचा वेष. अंगानं इतके बारीक की कोट माणसाला घालून चाललाय असं वाटावं. कॉलनीतल्या मोठ्या पुरुषांना ते सरसकट अरे-तुरे करत आणि पोरांना अहो-जाहो. "या बंडोपंत, नाक शिंकरा आधी," असं ते सहा वर्षांच्या पोराला म्हणत. कारण विचारलं तर सांगत, "तू आता सुधारायचा राहिलास. हे अजून मतदार व्हायचेत."

सरकारबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "सरकार म्हणजे मामा रे. मागितल्याशिवाय देत नाही, आणि मागायला गेलं की आधी तासभर आईची खुशाली विचारतो. पण मामा आहे. हक्क आहे आपला." या हक्काचं त्यांना वेडच होतं. डी.डी.टी.ची फवारणी असो, उंदरांचे पिंजरे असोत, क्षयाची लस असो, जे जे फुकट आणि सरकारी ते ते आमच्या कॉलनीत आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि लोक नुसत्या लसीसाठी जमणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते प्रत्येक सरकारी योजना एखाद्या सणाच्या गळ्यात बांधून टाकत.

गणेशोत्सवात नाटक असे. एका वर्षी त्यांनी जाहीर केलं, आधी देवीची लस, मग तिसरी घंटा. लस टोचणारे डॉक्टर विंगेत बसवले आणि मांडवाचं तोंड विंगेतूनच ठेवलं. प्रेक्षक दंड चोळत आत येऊन बसले. राजाचं काम करणारा आमचा मास्तर सुई पाहूनच आडवा झाला आणि पहिला अंक राजाशिवाय झाला. प्रधान बिचारा रिकाम्या सिंहासनाला मुजरे करत होता. कोजागिरीला तर त्यांनी कहर केला. सरकारी प्रचारखात्याची गाडी आणून अंगणात चादरीवर डासांचा सिनेमा लावला. इकडे लोक केशरी दुधाचे घोट घेतायत आणि तिकडे चादरीवर हातभर लांबीच्या अळ्या वळवळतायत. निम्मं दूध तसंच उरलं. चिटणिसांना त्याचं काही नव्हतं. ते कोजागिरीला दूध घेतच नसत. दुधाच्या वासानंच त्यांना मळमळे. चहासुद्धा कोरा पीत, आणि पातेल्यावर साय दिसली की दुसरीकडे बघत.

हे दुधाचं मुद्दाम सांगून ठेवतो, कारण त्यांची जी गोष्ट मला सांगायची आहे ती दुधाचीच आहे.

म्युनिसिपालिटीनं दुधाच्या भुकटीची केंद्रं उघडायला सुरुवात केली होती. लहान मुलं, गरोदर आणि बाळंत बायका आणि अशक्त माणसं यांना रोज सकाळी पेलाभर दूध, फुकट. अट एकच: दूध घरी न्यायचं नाही, तिथंच उभं राहून प्यायचं. घरी नेलं की त्याचा चहा होतो, हे कुणातरी शहाण्या अधिकाऱ्याला ठाऊक असणार. चिटणिसांनी पुन्हा छत्री घेतली, पुन्हा तो बाक गाठला, आणि दोन-तीन महिन्यांत आमच्या मंडळाच्या शेडमध्ये केंद्र आलं. पत्र्याचे डबे आले, मोठं पिंप आलं, आणि ते दूध घुसळायला मरोळ गावच्या परेराबाई आल्या. बाई दणकट होत्या, आणि बोलणं त्याहून दणकट.

पहिल्या दिवशी चिटणिसांनी कर्ण्यातून कॉलनीभर पुकारा केला. आले कोण? तबेल्यातली चार पोरं. मागच्या चाळीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. पण पुढच्या इमारतींतून कुणी उतरत नाही म्हटल्यावर त्याही उतरल्या नाहीत. पुढच्या इमारतींचं उत्तर तर ठरलेलं होतं. "रांगेत उभं राहून फुकटचं दूध प्यायला आम्ही काय भिकारी आहोत?" शिवाय परदेशातली भुकटी, कसल्या जनावराची कोण जाणे. फिनेल चाललं होतं, कारण ते वाण होतं. लस चालली, कारण पुढं नाटक होतं. दुधाला मात्र पुढंमागं काही नव्हतं, नुसती रांग होती, आणि पांढरपेशा माणूस मरेल पण त्या रांगेत उभा राहणार नाही. वॉर्ड ऑफिसनं बजावलं होतं की महिनाभरात माणसं दिसली नाहीत तर केंद्र दुसरीकडे हलवू.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर रांगेत चिटणीस! हातात फुलपात्र, अंगात कोट, तबेल्यातल्या पोरांच्याही पुढं, अगदी पहिल्या नंबरावर.

परेराबाईंनी पळी वरच्या वर धरली. "काय ओ चिटनीस, तुमी पोर हाय का बाळंतीन हाय?"

"नियम वाचा बाई. तिसरं कलम, अशक्त व्यक्ती. मला उचलून बघा हवं तर."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. उचलायची गरज नव्हती. त्यांनी पळीभर दूध ओतलं. चिटणिसांनी डोळे मिटले, मोठा आवाज करत ते एका दमात प्यायले आणि मिशी न पुसता, पांढरी मिशी घेऊन, साऱ्या कॉलनीतून सावकाश चालत घरी आले. दारं-खिडक्या भरल्या. पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. मागच्या चाळीतल्या तावडेआजी ओट्यावरून ओरडल्या, "अरे मेल्या, तुजी मिशी पिकली आणि पोरांचा दूध पितस?"

"अजून पिकवतोय आजी," चिटणीस म्हणाले आणि खोलीत शिरले. मग भिंतीपलीकडून मला मोरीत बादली सरकवल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर जे आवाज आले ते लिहिण्यासारखे नाहीत. बिचाऱ्यांच्या पोटात थेंब राहिला नसेल.

हे रोजचंच होऊन बसलं. रोज सकाळी आवाज करत पेला, पांढरी मिशी, कॉलनीतून मिरवणूक आणि मग मोरी. आठवड्याभरानं मला राहवेना. मी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, "चिटणीस, मरायचंय का? कशाला पिता?"

ते लिंबू चोखत बसले होते. म्हणाले, "रांगेला डोकं लागतं रे. डोकं असलं की धड आपोआप येतं."

"तबेल्यातली पोरं येतायत की."

"ती कुठंही येतील. त्यांना लाज परवडत नाही." मग लिंबाची साल बाजूला ठेवून म्हणाले, "दिघ्याची नलू पाहिलीस का अलीकडे?"

पाहिली होती. दिघे आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचे. बोटीच्या कंपनीच्या एजंटाकडे नोकरी, इस्त्रीचा शर्ट, सकाळी हातात डबा, संध्याकाळी हातात वर्तमानपत्र. घर नेटकं, माणसं अबोल. नलू त्यांची सात वर्षांची मुलगी; पाय गुडघ्यांशी वाकायला लागले होते. कॉलनीतल्या डॉक्टरांनी मुडदूस म्हणून सांगितलं होतं, आणि औषध म्हणून दूध. भरपूर दूध. दिघेवहिनींना पुन्हा दिवस गेले होते; त्यांचाही चेहरा खडूसारखा झाला होता.

"दिघ्याची कंपनी केव्हाच बंद झाली," चिटणीस म्हणाले. "डबा घेऊन तो रोज बोरीबंदरासमोरच्या बागेत जाऊन बसतो. मी दुपारी विमाकंपनीतून पाय मोकळे करायला बाहेर पडतो तेव्हा पाहतो ना त्याला. मला पाहिलं की वर्तमानपत्र उघडतो. घरचं दूध त्यांनी केव्हाच बंद केलंय. आता मला सांग, ती वहिनी फुलपात्र घेऊन या रांगेत येईल? जीव गेला तरी येणार नाही. आली तर दिघे जीव देईल. तेव्हा या रांगेची आधी मस्करी झाली पाहिजे. मस्करीत सामील व्हायला कुणाला लाज वाटत नाही." आणि मग माझ्यावर बोट रोखून, "यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर सतरंजीऐवजी तुलाच झटकीन."

मस्करी व्हायला वेळ लागला नाही. पोरं आधी चिटणिसांना बघायला जमत. मग एकानं त्यांच्यासारखा आवाज करून पिऊन दाखवायची पैज मारली. मग पांढऱ्या मिशांचं खूळ आलं. चिटणीस रांगेच्या डोक्याशी उभे राहून मिशा तपासत. "बंडोपंत, डावीकडे कमी पडली. पुन्हा प्या." पोरांना कुणाच्या आया आवरणार? वकिलाचे हेडक्लार्क पिंगे, त्यांचा तो बंडू. घरात दूध-तूप वाहत होतं, पण बंडूनं अंगणात लोळण घेतली आणि शेवटी पिंगेबाईंनी त्याला पाठवलं. पाठवलं ते चांदीचं फुलपात्र देऊन, न जाणो कुणाला काही वाटलं तर! दुसऱ्या दिवसापासून घरोघरची चांदीची, मुंज-बारशाची फुलपात्रं बाहेर पडली. गरिबांच्या योजनेसाठी इतकी चांदी कुठं एकत्र आली नसेल. परेराबाई म्हणाल्या, "आमच्या चर्चमदी पन एवडं रुपं नाय!"

आणि त्या गर्दीत, पितळेचा घासून लख्ख केलेला पेला घेऊन, वाकड्या पायांनी एक दिवस नलू आली. चिटणिसांनी तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. तिची मिशी तपासायची वेळ आली तेव्हा "नलूताई, झकास!" एवढंच म्हणाले. ती रोज यायला लागली. दिघ्यांना त्यात गैर काही दिसलं नाही. पिंग्यांचा बंडू जातो, मास्तरांच्या मुली जातात, पोरांचा खेळ आहे. दोन महिन्यांत नलूच्या गालांवर जरा टवटवी आली. वहिनी खिडकीत उभ्या राहून ती पिते का ते बघत असायच्या. त्या स्वतः मात्र कधी उतरल्या नाहीत.

इतकं सुरळीत चाललेलं पाहून चिटणिसांनी खरं तर दूध सोडायला हवं होतं. मी त्यांना तसं म्हटलंही. पण ते म्हणाले, डोकं काढलं की धड पळतं. चिकाटी त्यांची होतीच, पण मला वाटतं थोडी मजाही येत असावी. एकट्या माणसाला सकाळी उठून चाळीस पोरांच्या मिशा तपासायला मिळत होत्या.

घात झाला तो पिंग्यांमुळे. पिंगे वाईट नव्हते, पण वकिलाकडे राहून त्यांना प्रत्येक गोष्टीत फिर्याद दिसे. चिटणिसांच्या विमाकंपनीत चिटणिसांना बढती मिळाल्याचं त्यांच्या कानावर आलं, आणि त्यांनी मंडळाच्या सभेसाठी ठरावाची सूचना दिली. ठरावाचे भाग दोन. एक: गरिबांसाठी आलेल्या दुधाचा पदावरच्या माणसानं स्वतःच लाभ घेतला, सबब चिटणिसांना पदावरून दूर करावं. दोन: यापुढं दूध फक्त खऱ्या गरजू कुटुंबांना द्यावं, आणि त्या कुटुंबांची नावं शेडच्या फळ्यावर लिहावीत, म्हणजे पुन्हा असला प्रकार होणार नाही.

सूचना चिटणिसांकडेच आली, कारण चिटणीस तेच. त्यांनी ती नियमाप्रमाणे स्वतःच्या हातानं नोटीसबोर्डावर लावली. पहिला भाग वाचून ते हसले होते. दुसऱ्या भागाशी मात्र बराच वेळ थांबले. संध्याकाळी मला म्हणाले, "मला काढोत. पण फळा आला तर नलू गेली." त्यांचा आवाज असा बसलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि पिंग्यांचा संतापही आला.

रविवारी दुपारी सभा भरली. शेड खच्चून भरली होती. पुरुष पुढं सतरंजीवर, बायका मागं उभ्या. पिंग्यांनी ठराव मांडला आणि विचारलं, "चिटणीस, सरळ सांगा. तुमच्यासारखा बिनसंसारी, पगारदार माणूस रोज रांगेत पहिला उभा राहून दूध का पितो?"

माझी लेखणी थांबली. चिटणिसांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यात काय होतं ते मला बरोबर समजलं, आणि मी मान खाली घातली.

"आवडतं मला," ते म्हणाले. "दूध मला फार आवडतं."

शेडमध्ये हशा पिकला. त्या हशातच दिघे उठले. सभेत ते कधी बोलत नसत. त्यांच्या शर्टाची इस्त्री तेव्हाही कडक होती. "हसण्यासारखं यात काही नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "गरिबांच्या पोरांच्या तोंडचं दूध आहे ते. आपल्यासारख्या खाऊनपिऊन सुखी माणसांनी त्याला हात लावणं ही लाजेची गोष्ट आहे. असा माणूस पदावर नको." माझ्या शेजारी बसलेले चिटणीस हे ऐकताना सतरंजीचा सुटलेला दोरा शांतपणे गुंडाळत होते.

मग ते उठून म्हणाले, "पहिला भाग मतास टाकतो. हात वर करा." नवा चिटणीस येईपर्यंत मतं मोजायची तीही त्यांनीच. त्यांनी बोटानं हात मोजले. मी मान वर न करता लिहीत होतो. "ठराव मंजूर," त्यांनी जाहीर केलं. "बहुमत चांगलं आहे. आता पिंगे, माझी एक विनंती. पहिला भाग झाला, तुझं काम झालं. दुसरा मागं घे. नावं फळ्यावर नकोत."

"का नकोत? खऱ्या गरजूला कसली लाज?" पिंगे म्हणाले.

"बरोबर आहे!" दिघे बसल्या जागेवरून म्हणाले. एकदा चढलेला आवाज त्यांना उतरवता येत नव्हता. "ज्यांना हवं त्यांनी उघड मागावं. लिहा नावं!"

चिटणीस त्यांच्याकडे पाहतच राहिले. तेवढ्यात मागून, बायकांतून, आवाज आला.

"मग पहिलं नाव आमचं लिहा."

दिघेवहिनी भिंतीचा आधार घेऊन उभ्या होत्या. सभेत बाईमाणूस बोलल्याचं आमच्या कॉलनीत हे पहिलंच. चिटणीस एकदम ओरडले, "वहिनी, खाली बसा! हा विषय पत्रिकेवर नाही!"

"असू दे. नलू दिघे. लिहा." त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या, कुणाकडेच पाहत नव्हत्या. "यांची नोकरी गेलीय. पावसाळ्यापासून. नलूला दूध मिळतं ते फक्त इथं. आणि उद्यापासून मीही येणार आहे, मलाही सांगितलंय डॉक्टरांनी. मला दोघींची नावं फळ्यावर चालतील."

"अहो वहिनी, वाट लावलीत हो सगळी!" चिटणीस कपाळाला हात लावून म्हणाले. इतके महिने ज्यासाठी आतडी पिळवटून घेतली ते त्या बाईनं एका वाक्यात उघडं केलं होतं. ते खरोखर रागावले होते. पण आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "खिडकीतून दिसायचं. बाहेर पिऊन जायचात, आणि आमच्या इमारतीमागच्या नाल्यावर बादली ओतायला यायचात."

दिघे मान खाली घालून बसले होते. मग पिंगेबाई नवऱ्याच्या पाठीमागून म्हणाल्या, "आमच्या बंडूचंही नाव लिहा. तोही पितो."

"अगं, पण आपण गरजू नाही!" पिंगे म्हणाले.

"नसू. पण पितो ना? मग लिहा."

पिंग्यांना बायकोविरुद्ध फिर्याद कशी करायची ते कुठल्याच कायद्यात सापडलं नसावं. त्यांनी दुसरा भाग मागं घेतला. मी इतिवृत्तात 'सूचकाच्या विनंतीवरून वगळण्यात आला' असं लिहिलं. चिटणिसांनी आभार मानले, सभा संपवली, कर्णा, शिक्का आणि शेडची किल्ली माझ्या हातात दिली आणि एकटेच निघून गेले. ते आता चिटणीस उरले नव्हते. आम्ही मात्र पुढंही त्यांना चिटणीसच म्हणत राहिलो, आणि खरे चिटणीस जे झाले त्यांना कुणी काहीच म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायचं काम माझ्याकडे होतं. रांग नेहमीपेक्षा लवकर लागली. पहिल्या नंबरावर दिघेवहिनी होत्या. त्यांच्या मागं नलू, आणि नलूचं बोट धरून दिघे. आज हातात डबा नव्हता, अंगात घरचा साधा सदरा. त्यांच्या मागं मागच्या चाळीतल्या दोन गरोदर बायका होत्या, त्या यापूर्वी कधी उतरल्या नव्हत्या. वहिनी दूध प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे बाजूला झाल्या. कुणी हसलं नाही, कुणी पाहिलंही नाही विशेष.

चिटणीस छत्री घेऊन कचेरीला निघाले होते. सवयीनं शेडपाशी थांबले. दिघ्यांनी त्यांना पाहिलं आणि नलूचं बोट न सोडता ते दोन पावलं पुढं आले. म्हणाले, "काल मी हात वर केला होता. तुमच्याविरुद्ध."

"मीही केला होता," चिटणीस म्हणाले. "ठराव बरोबरच होता रे. सरक आता, मागं पोरं खोळंबलीत."